गाडीचा रंग आणि पेंटरचा श्वास

बारामतीच्या एमआयडीसीत बनणाऱ्या अ‍ॅपे रिक्षाचे नाव इटालियन आहे, हे तिच्यातून रोज प्रवास करणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. इटालियन भाषेत ‘आपे’ म्हणजे मधमाशी. तिची थोरली बहीण व्हेस्पा, म्हणजे गांधीलमाशी. या दोन्ही माश्या इटलीतल्या पॉन्तेदेरा गावच्या. आज त्या नीरा आणि कऱ्हेच्या काठावरही तयार होतात. बारामतीहून इंदापूर तालुक्यात शिरले की वालचंदनगर लागते. ज्या माणसाच्या नावाने हे गाव वसले, त्याच माणसाने स्थापन केलेल्या कंपनीने पुढे इटलीची फियाट मोटार भारतीय रस्त्यावर आणली. इटालियन गाड्यांशी असे दुहेरी नाते सांगणारे तालुके महाराष्ट्रात दुसरे क्वचितच सापडतील.

या जुन्या गाड्या अजून पूर्णपणे गेलेल्या नाहीत. कुणाच्या वाड्याच्या ढेलजेत वडिलांची फियाट उभी असते, कुणी आजोबांची स्कूटर पोत्याखालून बाहेर काढतो. इंजिन सुरू झाले की मालकाच्या मनात दुसरा विचार येतो तो रंगाचा. ‘पूर्वी होता अगदी तस्साच रंग पाहिजे,’ असे सांगून गाडी रस्त्याकडेच्या एखाद्या डेंटिंग-पेंटिंगच्या शेडमध्ये जाते. काही दिवसांनी ती झळाळत परत येते. शेडमध्ये राहतो तो पेंटर, आणि त्याच्या छातीत त्या रंगाचा काही अंश. म्हणून रंगाच्या मोहाबरोबर त्याची किंमतही समजून घेतली पाहिजे. ही किंमत टाळता येण्याजोगी असल्याने तर ते अधिकच गरजेचे आहे.

दोन तालुके, एक धागा

वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ मध्ये सोलापूरचा. इंदापूर तालुक्यातल्या कळंबच्या माळावर त्यांनी ऊस पिकवला, साखर कारखाना उभा केला आणि त्याभोवती वालचंदनगर वसले. १९४४ मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. मुंबईतल्या कुर्ल्याच्या तिच्या कारखान्यात आधी अमेरिकन बनावटीच्या गाड्या जुळवल्या जात. १९५० च्या दशकात फियाटशी करार होऊन तिथे इटालियन मोटार बनू लागली. वालचंद १९५३ मध्ये गेले. फियाट ११०० चा पुढचा संसार त्यांना पाहता आला नाही, पण तीच गाडी १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ म्हणून घराघरांत पोहोचली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे हीच पद्मिनी. तिचे उत्पादन २००० च्या सुमारास थांबले आणि शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये वयोमर्यादेमुळे रस्त्यावरून उतरली.

स्कूटरची गोष्टही पुणे जिल्ह्यातच रुजलेली. दुसऱ्या महायुद्धात पियाजिओचा विमानांचा कारखाना बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झाला. युद्धानंतर कोराडिनो दास्कानिओ या विमान अभियंत्याने स्वस्त दुचाकी रेखाटली. २३ एप्रिल १९४६ रोजी तिच्या पेटंटसाठी अर्ज झाला. १९६० च्या सुमारास बजाजने पियाजिओच्या परवान्यावर ती भारतात बनवायला घेतली. १९७१ मध्ये परवाना संपल्यावर आकुर्डीहून ‘चेतक’ आली. पियाजिओ स्वतः १९९० च्या दशकाच्या अखेरीस तीनचाकी घेऊन बारामतीत दाखल झाली आणि २०१२ मध्ये इथेच व्हेस्पाचा कारखाना सुरू झाला. जी स्कूटर एकदा करार संपून गेली होती, ती चार दशकांनी त्याच जिल्ह्यात परतली.

इटलीचा लाल आला कुठून?

इटालियन गाडी म्हटली की डोळ्यांपुढे लाल रंग येतो. त्याचे मूळ शर्यतीच्या मैदानात आहे. १९०० मध्ये गॉर्डन बेनेट चषकाच्या शर्यती सुरू झाल्या. त्या देशादेशांमधल्या शर्यती होत्या. धुळीच्या लोटात कुठली गाडी कुठल्या देशाची हे प्रेक्षकांना लांबूनच कळावे, म्हणून देशांना रंग वाटून देण्याची पद्धत पडली. पुढे हे रंग पक्के झाले : फ्रान्सला निळा, ब्रिटनला हिरवा, जर्मनीला पांढरा आणि नंतर चंदेरी, तर इटलीला लाल. या लालाला इटालियन लोक ‘रोस्सो कोर्सा’, म्हणजे शर्यतीचा लाल म्हणतात. अल्फा रोमिओ, मासेराती आणि १९४७ पासून फेरारी या लालातच धावल्या. १९६० च्या दशकाच्या अखेरीस शर्यतीच्या गाड्यांवर जाहिरातदारांचे रंग चढू लागले. फेरारीने मात्र लाल सोडला नाही. तिच्या बोधचिन्हावरच्या घोड्यामागचा पिवळा रंग शर्यतीचा नसून मोदेना शहराचा आहे. एन्झो फेरारी मोदेनाचे होते.

व्हेस्पाची सुरुवात मात्र लाल रंगाने झालेली नाही. १९४६ ची पहिली व्हेस्पा फिकट, धातूची झाक असलेल्या हिरव्या रंगात आली. तिच्यावर रंगांची चैन आली ती पुढे, लोकांच्या हातात पैसा खुळखुळू लागल्यावर. भारतात परवान्याच्या काळात रंग निवडण्याची मुभा फारशी नव्हतीच. नंबर लावून वर्षानुवर्षे थांबल्यावर जी स्कूटर हाती येई, तिचा रंग तोच आवडीचा ठरे. आज पन्नाशी-साठीतल्या माणसाला त्या जुन्या रंगाची ओढ लागते ती बहुधा यामुळेच. तो रंग पाहताना त्याला आठवते टाकीजवळ उभे राहून केलेला पहिला प्रवास.

डोळा आणि लाल

लाल रंगाची ही ओढ डोळ्याच्या रचनेपासून सुरू होते. आपल्या डोळ्याच्या पडद्यावर रंग ओळखणाऱ्या शंकू पेशी तीन प्रकारच्या असतात. एक प्रकार निळसर प्रकाशाला अधिक प्रतिसाद देतो, दुसरा हिरवट आणि तिसरा पिवळसर-लाल प्रकाशाला. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारच्या संदेशांमधला फरक मेंदू सतत मोजत असतो. हिरव्या शेताच्या पार्श्वभूमीवर लाल वस्तू चटकन उठून दिसते ती या हिशेबामुळे. उसाच्या फडाकडेने जाणारी लाल स्कूटर दुपारी लांबूनही नजरेत भरते.

पण हाच लाल दिवस मावळताना दगा देतो. अंधुक प्रकाशात शंकू पेशी मागे पडतात आणि दंड पेशी कामाला लागतात. या पेशींना लाल प्रकाश जवळजवळ दिसतच नाही. म्हणून तिन्हीसांजेला लाल फूल काळपट आणि त्याची पाने मात्र उजळ भासतात. चेक शास्त्रज्ञ यान पुर्किन्ये यांनी दोनशे वर्षांपूर्वी ही गोष्ट टिपली आणि तिला त्यांचेच नाव मिळाले. गळीत हंगामात भवानीनगर, माळेगाव, सोमेश्वरनगरकडे उसाच्या गाड्यांची रांग लागलेली असते. त्या रस्त्यावर संध्याकाळी लाल स्कूटर म्हणजे जवळजवळ काळी स्कूटर असते. रंग कितीही देखणा असला तरी मागचा दिवा आणि परावर्तक पट्टी यांची जागा तो घेऊ शकत नाही.

मूळ रंग हुबेहूब जुळवताना येणारी अडचणही डोळ्याशीच निगडित आहे. ट्यूबलाइटखाली तंतोतंत जुळलेला रंग उन्हात आणला की वेगळा दिसतो आणि मालक-पेंटरची वादावादी होते. दोन रंगांमधली रंगद्रव्ये वेगळी असली तरी एका प्रकारच्या प्रकाशात ती सारखी दिसू शकतात. प्रकाश बदलला की फरक उघडा पडतो. यात पेंटरची चूक नसते. रंगाचा नमुना ट्यूबलाइटखाली न पाहता सकाळच्या उजेडात पाहून घेणे हा साधा उपाय आहे. त्यामुळे पुन्हा घासणे, पुन्हा फवारणे आणि त्याबरोबर येणारी धूळ, वाफ हे सगळे टळते.

डब्यात असते काय?

कुठल्याही रंगात मुख्यतः तीन गोष्टी असतात. रंगछटा देणारी रंगद्रव्याची भुकटी, ती पत्र्याला चिकटवून ठेवणारे बंधक आणि हे सारे पातळ ठेवणारे द्रावक, म्हणजे थिनर. गाड्यांच्या रंगाचा इतिहास हा या तीन घटकांच्या बदलांचा इतिहास आहे.

सुरुवातीच्या मोटारींना घोडागाडीसारखे तेल-व्हार्निशचे हात ब्रशने दिले जात. एकेक हात वाळायला वेळ लागे आणि गाडी पूर्ण व्हायला काही आठवडे जात. १९२० च्या दशकात अमेरिकेत ड्यूपॉन्टचा ‘ड्युको’ आला. नायट्रोसेल्युलोजचा हा रंग बंदुकीने फवारता येई आणि भराभर वाळे. आपल्याकडे सुतार अजून फर्निचरच्या फवारणीला ‘ड्युको’ म्हणतात, तो शब्द इथून आला. त्यानंतर अल्किड इनॅमल आले आणि पुढे अ‍ॅक्रिलिक. जर्मनीत ओटो बायर यांनी १९३७ मध्ये शोधलेल्या पॉलियुरेथेनच्या रसायनशास्त्रातून कालांतराने दोन डब्यांचा रंग आला. एका डब्यात रंग, दुसऱ्यात हार्डनर. गॅरेजमध्ये त्याला ‘टू-के’ किंवा ‘पीयू’ म्हणतात.

रंगद्रव्यांचीही कहाणी अशीच. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ वोक्लँ यांनी १७९७ मध्ये सायबेरियातून आलेल्या एका तांबड्या खनिजातून क्रोमियम शोधले. ते खनिज म्हणजे शिशाचे क्रोमेट. त्यातून पुढे झगझगीत पिवळा, नारिंगी आणि तांबडा असे रंग बनले. ते स्वस्त होते, पत्रा झाकत आणि पाऊस-पाणी सोसत. विसाव्या शतकात पिवळ्या-तांबड्या वाहनांवर हे शिशाचे रंग सर्रास वापरले गेले. लोखंड गंजू नये म्हणून खाली जो हात दिला जाई, त्यातही अनेकदा शिशाचे तांबडे ऑक्साइड असे. पारंपरिक शेंदूर म्हणजे रसायनशास्त्राच्या दृष्टीने हाच पदार्थ.

शिशाविना तेजस्वी आणि टिकाऊ लाल मिळणे कठीण होते. साधे सेंद्रिय लाल रंग आपल्या उन्हात टिकत नसत. लाल रंगद्रव्य निळा-हिरवा प्रकाश शोषून घेते. त्या प्रकाशातली आणि त्याबरोबरच्या अतिनील किरणांतली ऊर्जा हळूहळू त्याचेच रेणू तोडते. म्हणूनच वर्षानुवर्षे उन्हात उभी असलेली लाल गाडी गुलाबी पडते. १९७४ मध्ये डोनाल्ड फार्नम हा अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ वेगळेच काही बनवायला गेला आणि हाती आली एक गडद लाल भुकटी. स्वित्झर्लंडच्या सिबा-गायगी कंपनीने १९८० च्या दशकात तिचे रंगद्रव्य बाजारात आणले. ते इतके तेजस्वी आणि टिकाऊ निघाले की रंगाच्या धंद्यात त्याला ‘फेरारी रेड’ हेच नाव पडले. त्यात शिसे नाही. म्हणजे आज शिशाशिवायही इटालियन लाल मिळतो. धोका आहे तो जुन्या थरांमध्ये.

जुना रंग खरवडताना

जुनी गाडी नव्याने रंगवण्याआधी तिचा रंग काढावा लागतो. आधी पत्रा ठोकून सरळ होतो, खड्ड्यांत लांबी भरली जाते आणि मग सुरू होते घासकाम. कोरड्या पॉलिशपेपरने किंवा विजेच्या सँडरने घासले की बारीक धूळ उडते. १९६०-७० च्या दशकातल्या गाडीवर एकाखाली एक असे अनेक थर असतात आणि त्यांत शिसे असण्याची शक्यता बरीच असते. ही धूळ पेंटरच्या श्वासात जाते, हाताला लागते, कपड्यांवर बसते.

घासकाम करताना मधेच तंबाखू-चुना मळून तोंडात टाकण्याची सवय अनेकांना असते. तळहातावरची धूळ त्या चिमटीबरोबर थेट पोटात जाते. मोठ्या माणसात शिशामुळे पोटात कळा, बद्धकोष्ठ, थकवा, रक्तक्षय, वाढलेला रक्तदाब, मूत्रपिंडाचे नुकसान आणि हातापायांच्या नसांचा अशक्तपणा होऊ शकतो. ही लक्षणे इतकी साधी वाटतात की अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या घेण्यातच महिने जातात. ‘काम काय करता?’ हा प्रश्न विचारला गेला नाही, तर शिशाचा संशयही येत नाही. तो आल्यास रक्तातल्या शिशाची साधी तपासणी उपलब्ध आहे.

सर्वात मोठा धोका मात्र घरातल्या लहान मुलांना. बापाच्या कपड्यांबरोबर धूळ घरी येते. पोटात गेलेले शिसे लहान मुले मोठ्यांच्या चार-पाच पट अधिक शोषून घेतात. त्याचा परिणाम वाढत्या मेंदूवर होतो. बुद्धी, लक्ष आणि वागणूक यांवर झालेला परिणाम पुढे भरून निघत नाही. शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी नाही, असे जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट सांगते. भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती व सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० पेक्षा अधिक असता कामा नये, असा नियम आहे. पण तो भिंतीच्या आणि घरच्या वापराच्या रंगांपुरता आहे. औद्योगिक आणि वाहनांच्या रंगांना तो लागू नाही. त्यामुळे गॅरेजमध्ये डबा उघडताना ‘शिसेविरहित’ ही अक्षरे शोधण्याची जबाबदारी घेणाऱ्यावरच येते.

हार्डनरचा छुपा वार

शिशाची गोष्ट जुन्या थरांची. नव्या थराचा धोका वेगळा आहे आणि तो वास नसलेला, न दिसणारा असल्याने अधिक फसवा आहे.

मोठ्या कारखान्यात नुसते पत्र्याचे सांगाडे रंगवले जातात आणि मोठ्या भट्टीत भाजून तो रंग पक्का केला जातो. गॅरेजमध्ये आलेली गाडी अशी भट्टीत घालता येत नाही. तिचे टायर, वायरी, सीट, रबर सगळे वितळून जाईल. म्हणून तिथे असा रंग लागतो जो बाहेरच्या हवेतच कडक होईल. ते काम हार्डनर करतो. त्यात आयसोसायनेट गटातली रसायने असतात. रंगातल्या घटकाशी त्यांची गाठ पडली की काही तासांत जाळीदार, काचेसारखा चकचकीत थर तयार होतो. जुन्या फियाटला किंवा स्कूटरला आज जो आरशासारखा तजेला येतो, तो यामुळेच. गाडीवरचा रंग एकदा पूर्ण सुकला की त्याला हात लावायला हरकत नसते. धोका आहे तो फवारताना उडणाऱ्या तुषारांत आणि पूर्ण न सुकलेल्या रंगावर घासकाम करण्यात.

आयसोसायनेट म्हटले की भोपाळची आठवण होते. भोपाळमध्ये १९८४ मध्ये पसरला तो मिथाइल आयसोसायनेट हा वायू. रंगाच्या हार्डनरमधले रसायन वेगळे असते आणि ते सहज वायुरूप होत नाही. पण बंदुकीतून फवारताच त्याचे सूक्ष्म तुषार फुप्फुसात खोलवर जातात. तिथे ते शरीरातल्या प्रथिनांना चिकटतात आणि काही जणांची प्रतिकारशक्ती त्यांना शत्रू मानू लागते. त्वचेवर सांडलेला हार्डनरही ही प्रक्रिया सुरू करू शकतो. एकदा शरीराने शत्रू ओळखला की त्यानंतर अगदी किंचित मात्राही दम्याचा झटका आणते. काल ज्या हवेत काही झाले नाही, तीच हवा आज श्वास कोंडते.

अशा रुग्णांची कहाणी बहुधा एका साच्यातली असते. माणूस तिशीतला, अंगाने धडधाकट. लहानपणी दमा नव्हता. फवारणीचे काम सुरू होऊन काही महिने किंवा एक-दोन वर्षे झालेली. कोरडा खोकला, छातीत घरघर, आणि तोही कामाच्या वेळी असतोच असे नाही, संध्याकाळी घरी गेल्यावर किंवा मध्यरात्री. कारण आयसोसायनेटचा परिणाम अनेकदा चार-आठ तासांनी उशिरा होतो. त्यामुळे संशय कामावर न जाता रात्रीच्या थंडीवर, गादीतल्या धुळीवर किंवा बागायती भागातल्या दमट हवेवर जातो. खोकल्याची बाटली, अँटिबायोटिक, मग इनहेलर. इनहेलरने बरे वाटते म्हणून काम सुरूच राहते. इथेच खरी चूक होते. संपर्क लवकर तुटला तर दमा आटोक्यात येण्याची, कधी कधी पूर्ण जाण्याचीही शक्यता असते. वर्षानुवर्षे तो तसाच चालू राहिला तर काम सोडल्यावरही दमा राहतो.

यासाठी एक प्रश्न फार मोलाचा आहे : ‘सुट्टीच्या दिवशी, गावी गेल्यावर बरे वाटते का?’ उत्तर ‘हो’ असेल तर पुढची पायरी म्हणजे पीक फ्लो मीटर. हे हातात मावणारे, फुंकण्याचे साधे यंत्र आहे. दिवसातून चार वेळा फुंकून आकडे वहीत लिहायचे. कामाचे दोन-तीन आठवडे आणि सुट्टीचे काही दिवस अशी नोंद डॉक्टरांना दाखवायची. कामाच्या दिवसांत आकडे उतरत असतील आणि सुट्टीत चढत असतील, तर दम्याचे मूळ कामात आहे हे कागदावरच दिसते. त्याबरोबर स्पायरोमेट्री ही श्वसनचाचणी लागते. या नोंदी सुरू असताना आणि निदान होईपर्यंत डॉक्टरांना विचारल्याशिवाय इनहेलर बंद करू नये.

कायद्याने सूचनीय ठरवलेल्या आजारांच्या यादीत शिशाची विषबाधा आहे आणि आयसोसायनेटचीही. पण दोन-तीन माणसांची शेड म्हणजे कायद्याच्या भाषेत कारखाना नव्हे. तिथे तपासणी अधिकारी जात नाही, वर्षाची आरोग्य तपासणी होत नाही. भिगवणपासून इंदापूरपर्यंत सोलापूर महामार्गाच्या कडेला आणि बारामतीच्या आसपास ज्या शेड आहेत, तिथल्या माणसाचे रक्षण बहुतांशी त्याच्याच हातात राहते.

काय करावे, काय टाळावे

फवारणी करताना तोंडाला बांधलेला रुमाल हार्डनरच्या तुषारांना अडवू शकत नाही. करोनाच्या काळातला एन-९५ मास्क धूळ अडवतो, पण वाफ नाही. कार्बनच्या डब्या लावलेला मास्क त्याहून बरा असतो. पण त्या डब्या कधी संपल्या हे कळत नाही, कारण आयसोसायनेटचा वास येईपर्यंत मात्रा धोक्याच्या पुढे गेलेली असते. स्वच्छ हवा नळीने पुरवणारा मुखवटा हाच खरा उपाय. शेडमध्ये कॉम्प्रेसर असतोच. पण त्याची तेलकट हवा थेट मुखवट्याला जोडू नये, त्यासाठी श्वसनासाठी बनवलेली वेगळी गाळणी लागते. जिथे हे शक्य नाही, तिथे दोन डब्यांचा रंग शेडमध्ये न फवारणे बरे. हवा खेचणारे बंदिस्त फवारणी-केंद्र असलेल्या ठिकाणी गाडी नेऊन ते एक काम करून घ्यावे.

फवारणी थांबली म्हणजे धोका थांबला असे नाही. न दिसणारे तुषार बराच वेळ हवेत तरंगतात. रंग नीट बसला की नाही हे पाहायला लगेच मुखवटा वर करणे ही सगळीकडे दिसणारी चूक आहे. त्या वेळी चहा घेऊन आलेला पोरगा, बाजूला लांबी भरणारा मदतनीस आणि गाडी पाहायला आलेला मालक हे सगळेच ती हवा घेतात. फवारणीच्या वेळी बाकीच्यांनी शेडबाहेर राहावे.

घासकाम पाण्याने करावे. वॉटर पेपरने धूळ उडत नाही. तो गाळ उघड्या गटारात किंवा ओढ्यात न सोडता वर्तमानपत्रावर गोळा करून बंद पिशवीत टाकावा. हाताला नायट्राइलचे मोजे घालावेत. हात थिनरने धुऊ नयेत. थिनर त्वचेचे तेल काढून टाकतो आणि स्वतःही शरीरात शिरतो. त्यापेक्षा साबण आणि पाणी. तंबाखू, बिडी आणि जेवण कामाच्या जागेपासून दूर आणि हात धुतल्यावरच. कामाचे कपडे शेडमध्येच बदलावेत आणि घरच्या कपड्यांपासून वेगळे धुवावेत.

गूळ खाल्ला की छातीतली धूळ निघते किंवा दूध प्यायले की रंग बाधत नाही, असा समज अनेक ठिकाणी आहे. गूळ आणि दूध पोटात जातात, फुप्फुसात नाही. ते जरूर घ्यावे, पण संरक्षण म्हणून नव्हे.

हौशी मालकांनाही एक काम आहे. गाडी टाकताना ‘रंग किती दिवसांत होईल आणि किती पैसे पडतील?’ हे सगळेच विचारतात. त्यात एक प्रश्न वाढवावा : ‘फवारताना तुम्ही काय लावता?’ हवेच्या मुखवट्याचा खर्च एका गाडीवर फार पडत नाही, पण तो एकट्या पेंटरला जड जातो. चार गिऱ्हाइकांनी आग्रह धरला तर शेडमालक तो आणतो. जुन्या गाड्यांची हौस असलेल्या माणसाला स्वस्तातल्या कामापेक्षा नीट झालेल्या कामाची किंमत कळते. त्या नीटपणात पेंटरची छातीही धरावी.

पद्मिनी रस्त्यावरून गेली, जुन्या स्कूटर एकेक करून कमी होत आहेत. ज्यांनी त्या जपल्या आहेत, त्यांनी रंगाचीही हौस जरूर करावी. मूळचा हिरवा असो वा इटलीचा लाल, तो आज शिशाशिवाय आणि कुणाचा श्वास न कोंडता चढवता येतो. आणि पेंटरच्या घरच्यांनी एवढे लक्षात ठेवावे : रात्रीचा खोकला रविवारी थांबत असेल, तर तो थंडीचा नाही. सोमवारी कामावर जाण्याआधी दवाखान्यात जावे आणि डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगावे की आपण गाड्या रंगवतो.